घोर, फिकीर आणि टेन्शन

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आठवीच्या वर्गाला मी इंग्रजी निबंध दिला होता. विषय नेहमीचाच, 'माय फादर'. निबंध म्हणजे तरी काय, दहा-बारा वाक्ये. रात्री जेवणखाण आटोपल्यावर वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. बहुतेकांचे वडील 'काइंड' होते, 'ऑनेस्ट' होते, पहाटे लवकर उठणारे होते. कारण गाइडातले वडील तसेच असतात. एका वहीत मात्र गाइडात नसलेले एक वाक्य सापडले. मुलाने लिहिले होते, 'माय फादर इज टेकिंग टेन्शन.'

मी हसलो. तांबड्या शाईने त्या वाक्याभोवती गोल काढला, अर्धा गुण कापला आणि पुढची वही घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यावर तास घेतला. इंग्रज माणूस टेन्शन घेत नाही, हे मुलांना समजावून सांगितले. तो 'वरीड' असतो. तो 'अंडर स्ट्रेस' किंवा 'अंडर प्रेशर' असतो, म्हणजे दडपणाखाली असतो. त्याच्यावर 'स्ट्रेन' येतो. स्ट्रेसशी तो 'कोप' करतो, म्हणजे त्याला तोंड देतो. आणि टेन्शन तो 'रिलीव्ह' करतो, म्हणजे हलके करतो. कोणत्या शब्दाच्या शेजारी कोणता शब्द नांदतो हे कळणे म्हणजेच भाषा येणे, असे एक शहाणपणाचे वाक्यही मी टाकले. मुलांनी सारे मुकाट्याने उतरून घेतले. तो मुलगा तेवढा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मंग त्यांच्याकडं टेन्शन घेते कोन?"

वर्ग हसला. मीही हसलो. पुढे पंधरा दिवसांनी त्या मुलाची जागा रिकामी दिसू लागली.

त्याचे काय झाले ते मी सांगणारच आहे. पण त्याच्या प्रश्नाने मला मध्यंतरी एका वेगळ्याच वाटेला लावले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असल्यामुळे शब्दांशी नाते जडले, एवढेच. भाषाशास्त्र मी शिकलेलो नाही. परंतु शब्दकोश उघडायला पदवी लागत नाही. काळजी, घोर, फिकीर, ताण, टेन्शन हे शब्द आपल्याकडे कोठून आले आणि कोणकोणत्या शब्दांच्या सोबतीने नांदू लागले, हे पाहू लागलो तेव्हा त्यात आपल्या वऱ्हाडाचा अर्धा इतिहासच दडलेला दिसला.

प्रथम इंग्रजांच्या घरात डोकावू. 'वरी' हा शब्द आज अगदी मवाळ वाटतो. पण मुळात त्याचा अर्थ गळा आवळणे असा आहे. कुत्रे मेंढीची नरडी धरून तिला हिसडते, त्या क्रियेला इंग्रजीत आजही हाच शब्द लावतात. 'अँक्शस' हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला, त्याचाही अर्थ आवळणे, कोंडणे. आणि वेदांतला 'अंहस्', म्हणजे संकट, हा त्याचाच भाऊबंद. 'केअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत शोक, दुःख. आणि आज ज्याचा एवढा बोलबाला आहे तो 'स्ट्रेस' हा 'डिस्ट्रेस' या शब्दाचे डोके गळून उरलेला तुकडा. चौदाव्या शतकात त्याचा अर्थ सरळ होता : हाल, कष्ट, अडचण. वादळात सापडलेले गलबत भलत्याच बंदराला लागले, तर ते 'स्ट्रेस ऑफ वेदर'मुळे आले असे म्हणत. म्हणजे स्ट्रेस कशाचा, हे सोबतच सांगितलेले असे. वाऱ्याचा, पावसाचा, उपासमारीचा.

पुढे शास्त्रज्ञांनी हा शब्द उचलला. १६७८ साली रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम छापून प्रसिद्ध केला. स्प्रिंग जितकी ताणावी तितके तिचे बळ वाढत जाते, असा तो साधा नियम. एकोणिसाव्या शतकात आगगाडीचे पूल आणि वाफेची यंत्रे उभारणाऱ्या इंजिनियरांना या ताणाचा काटेकोर हिशेब हवा होता. त्यांनी दोन शब्द वाटून घेतले. तुळईवर जो भार येतो, त्याचे आतले बळ म्हणजे 'स्ट्रेस'. आणि त्या भाराने तुळईला जो वाक येतो तो 'स्ट्रेन'. भार वेगळा आणि वाक वेगळा. ही वाटणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

यंत्रांच्या सहवासात राहून इंग्रजांची मनाची भाषाही यंत्राची झाली. माणूस 'अंडर प्रेशर' येऊ लागला, जसा बॉयलर येतो. राग बाहेर काढणे म्हणजे 'लेट ऑफ स्टीम', वाफ सोडणे. सहनशक्ती संपली की 'ब्रेकिंग पॉइंट' आला, जसा तारेचा येतो; आणि मग 'नर्व्हस ब्रेकडाऊन', जसे इंजिन बंद पडते. मी फळ्यावर लिहिलेली ती जोडशब्दांची रांग म्हणजे निम्मा कारखानाच होता.

ही यंत्रे आमच्या जिल्ह्यातही आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. खामगाव हे त्या काळी हिंदुस्थानातील मोठ्या कापूस-बाजारांत गणले जाई. १८७० साली जलंबहून खामगावापर्यंत आगगाडीचा फाटा निघाला. मग जिनिंग आले, प्रेस आले, वाफेची इंजिने आली. रुई दाबून गाठ बांधणारे ते प्रेस, त्यांचे भोंगे, त्यांच्या बॉयलरवरचे काटे आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढ्यांनी पाहिले. 'प्रेशर', 'बॉयलर', 'प्रेस' हे शब्द अडाणी माणसाच्याही तोंडी बसले.

मौज अशी की, ते शब्द यंत्रापाशीच थांबले. कित्येक पिढ्या ते मनात शिरले नाहीत. प्रेसमध्ये दिवसभर गाठी उचलणारा हमाल घरी येऊन 'माझ्यावर प्रेशर आहे' असे म्हणत नसे. तो म्हणे, 'लेकीच्या लग्नाचा घोर लागला.' युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, तेव्हाही शेतकऱ्याने 'जीव टांगणीला लागला' असेच म्हटले असणार. कारण टांगणी त्याच्या घरात होती, तिला शिंके लटकत होते आणि त्याचे लोंबकळणे तो रोज पाहत होता.

आमच्या शब्दांची जात अशी आहे. त्यांचा जन्म कारखान्यात झालेला नाही. तो घरात, शिवारात आणि देहात झाला. पोटात गोळा येतो. तोंडचे पाणी पळते. काळजाचे पाणी होते. नाकी नऊ येतात. जीव मेटाकुटीला येतो. उरावर धोंड बसते. कर्ज गळ्याशी येते. 'काळजी' हा शब्द ऐकताच कानाला काळीज ऐकू येते. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून आमच्याकडे ती 'कायजी' होते. पण रूप बदलले तरी तिचे ठिकाण छातीतच राहते.

या घरच्या शब्दांच्या शेजारी हळूहळू राजांचे शब्द येऊन बसले. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेला. १७२४ साली आमच्याच जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या रणात निजामुल्मुल्काने मुबारिजखानाला पाडले, आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया खऱ्या अर्थाने तेथे पडला. आज त्या गावावरून एस्.टी.ने जाताना हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या दोन्ही राजवटींची कारभाराची भाषा फार्सी. तिच्याबरोबर 'फिकीर' आली, 'बेजार' आला, 'हैराण' आला. आणि माणसाला बेजार करणारी सगळी सामग्रीही त्याच भाषेतून आली : कर्ज, वसूल, तगादा, जामीन, जप्ती. रोगही तिचा आणि रोगाचे नावही तिचे! तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हे शब्द गोलमोल नव्हते. तगाद्याला सावकाराचे तोंड होते. जप्तीला शिपायाचा डगला होता. फिकीर कशाची, असे कोणी विचारले तर बोट दाखवता येत होते.

१८५३ साली तर खुद्द वऱ्हाडच कर्जापायी गेला. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चाचे पैसे निजामाकडे थकले, त्या देण्यापोटी कंपनी सरकारने वऱ्हाडचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. पुढे १९०२ च्या करारान्वये निजामाला वर्षाला २५ लाख रुपये ठरवून हा प्रांत इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला आणि दुसऱ्या वर्षी मध्यप्रांताला जोडला. बाप कर्जात बुडाला म्हणून घरचे शेत गहाण पडावे, तसा हा प्रकार. कर्ज, गहाण आणि घोर हे शब्द आमच्या मातीला नवे नाहीत ते असे.

याच काळात मोल्सवर्थ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी मराठी शब्द गोळा करीत होता. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली, तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. त्यात काळजी आहे, फिकीर आहे, विवंचना आहे. टेन्शन अर्थातच नाही. ते यायला आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

आता क्रियापदांकडे वळू. कारण खरी गंमत तेथे आहे. मराठीत काळजी 'वाटते', काळजी 'लागते', काळजी 'पडते'. घोर 'लागतो'. चिंता 'ग्रासते'. धास्ती 'बसते'. भूक लागावी, तहान लागावी, ऊन लागावे, तसा घोर लागतो. माणूस तो लावून घेत नाही. म्हणून व्याकरणातही तो कर्ता नसतो. 'मी घोर लागलो' असे आपण म्हणत नाही. 'मला घोर लागला' म्हणतो. आणि 'मला घोर लागला' एवढ्यावर वाक्य पुरे होत नाही. ऐकणारा लगेच विचारतो, कशाचा? पोराचा, पावसाचा, देण्याचा, दुखण्याचा. घोर हा शब्दच असा आहे की, त्याच्या मागे 'कशाचा' ही एक खुंटी असते आणि तिला काहीतरी अडकवल्याशिवाय ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही.

'घेणे' हे क्रियापद काळजीलाही लागते. पण ते लागताच अर्थ पालटतो. 'काळजी करू नको' म्हणजे मनस्ताप करू नको. आणि 'काळजी घे' म्हणजे स्वतःला जप. एकच काळजी, 'करणे' लागले की दुखणे होते आणि 'घेणे' लागले की औषध होते. धसका मात्र माणूस 'घेतो', हे खरे; एखादी गोष्ट तो 'मनाला लावून घेतो', हेही खरे. तेव्हा दुःख घेण्याची चाल मराठीत अगदीच नव्हती असे मी म्हणणार नाही. पण धसका घेतलेल्या माणसाविषयी आपण हळहळतो. 'बापाने धसका घेतला,' असे म्हणताना आवाज खाली येतो. आणि तेथेही कशाचा, हे आधी सांगितलेले असते.

आता स्ट्रेसची पुढची हकीकत. १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला हान्स सेली नावाचा एक डॉक्टर कॅनडात माँट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करीत होता. उंदराला थंडीत ठेवा, जखम करा, विषारी द्रव्य टोचा, दमेपर्यंत पळवा. कारण काहीही असो, उंदराच्या देहात तेच तीन बदल दिसत. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगत, छातीतली एक ग्रंथी आक्रसे आणि पोटात व्रण पडत. १९३६ साली त्याने 'नेचर' या पत्रात हे निरीक्षण छोट्याशा टिपणाने प्रसिद्ध केले. त्या टिपणाच्या मथळ्यात स्ट्रेस हा शब्द नव्हता. तो त्याने पुढे रूढ केला आणि १९५६ साली त्याच विषयावर त्याचे लोकांसाठी लिहिलेले पुस्तक निघाले, तेव्हा तो जगभर झाला. फ्रेंच, जर्मन, इटालियन लोकांनीही तो जसाच्या तसा उचलला.

परंतु येथे एक घोटाळा झाला. इंजिनियरांच्या भाषेत भार तो स्ट्रेस आणि वाक तो स्ट्रेन. सेली देहाला येणाऱ्या वाकाविषयी बोलत होता. पण शब्द त्याने भाराचा वापरला. इंग्रजी ही त्याची जन्मभाषा नव्हती. आपले इंग्रजी अधिक पक्के असते तर आपण 'स्ट्रेन' हाच शब्द घेतला असता, अशी कबुली त्याने पुढे दिली. पण तोवर शब्द सुटून गेला होता. भाराचे नाव वाकाला मिळाले आणि भार मात्र निनावी झाला.

सेलीचा शोध मोठा, यात शंका नाही. कारण कोणतेही असो, देह एकाच रीतीने सोसतो, हे कळल्याने वैद्यकाचे कल्याणच झाले. डॉक्टरला कारण बाजूला ठेवून देहाकडे पाहावे लागते. परंतु डॉक्टरने बाजूला ठेवलेले कारण शेजाऱ्यानेही बाजूला ठेवले, तर ते उचलायचे कोणी? जो शब्द 'कशाचा' हे विचारायचेच नाही अशा बेताने प्रयोगशाळेत घडला, तो आपण उचलून ओसरीवर आणला, आणि त्याची ती खोडही बरोबर आली.

आपल्याकडे 'स्ट्रेस'च्या आधी 'टेन्शन' आले. माझ्यापुरते सांगायचे तर, तो शब्द मी प्रथम ऐकला तो माणसाच्या संबंधात नव्हे. आमच्या शिवारातून लोखंडी मनोऱ्यांवरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. मनोऱ्यावर कवटी आणि हाडांचे चित्र होते. आजी बजावीत असे, "हायटेंशनच्या खाली ढोरं नको बांधजो." टेन्शन म्हणजे तारेतून वाहणारे, हात लावला तर मारणारे असे काहीतरी, ही माझी तेव्हाची समजूत. पुढे दहावीच्या परीक्षेला बसलो, तेव्हा मित्र म्हणू लागले, 'जाम टेन्शन आलंय.' तारेतले टेन्शन पोरांच्या डोक्यात शिरले ते असे डोळ्यांदेखत. मग मुंबईकडच्या हिंदीतून 'घेणे' आले, सिनेमाने ते गावोगाव पोचवले, आणि आज ऐंशी वर्षांच्या म्हातारीपासून बालवाडीतल्या पोरापर्यंत सगळे टेन्शन घेतात, देतात आणि घेऊ नको म्हणून सांगतात.

शब्द परका आहे म्हणून माझी तक्रार नाही. तो तितकासा परकाही नाही. लॅटिनमध्ये ताणण्याला जो धातू आहे आणि संस्कृतात जो 'तन्' आहे, ते दोघे एकाच आजोबांचे नातू. विणकराचा ताणा, गवयाची तान, तंतू, आणि बारीक या अर्थाचा 'तनु' हे सगळे त्या 'तन्'चेच गोत. तेव्हा मराठी 'ताण' आणि इंग्रजी 'टेन्शन' हे हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले चुलतभाऊ आहेत. आमच्या घरी भावाभावांची भेट झाली, यात वाईट काय? उलट मराठीने या धातूचा एक असा उपयोग केला आहे की तिचे कौतुक वाटावे. दुपारी पोटभर जेवून माणूस आडवा होतो आणि निश्चिंत घोरतो, त्याला आपण म्हणतो, 'ताणून दिली!' ज्या धातूतून इंग्रजीने झोप उडवणारा शब्द काढला, त्याच धातूतून मराठीने झोपेचा शब्द काढला.

माझी तक्रार आहे ती 'घेऊ नको' या जोडणीवर. 'टेन्शन घेऊ नको' असे म्हटले की, टेन्शन ही माणसाने आपण होऊन घेतलेली वस्तू ठरते. जणू बाजारात गेला आणि पिशवी भरून घेऊन आला. घेतले हा त्याचा दोष. टाकून देणे हे त्याचे काम. आपण सल्ला देऊन मोकळे. टेन्शनच्याही मागे 'कशाचे' हा प्रश्न लावता येतो, नाही असे नाही; पण लावतो कोण? 'घेऊ नको' म्हटले की बोलणे संपते.

हे मला कोणत्या कोशाने शिकवले नाही. त्या मुलाच्या आजीने शिकवले.

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. मुलगा दीड महिना शाळेत नव्हता. कोणी म्हणाले, पुण्याकडे गेला, कोठल्याशा हॉटेलात कपबशा धुतो. एका संध्याकाळी मी सायकल काढून त्याच्या गावी गेलो. आजी ओट्यावर कापसाच्या वाती वळत बसली होती. बाप भिंतीला टेकून बसला होता. त्याने 'या सर' म्हटले आणि पुन्हा गप्प झाला. सोयाबीन दोनदा पेरावे लागले, हे मला गावात कळले होते. मी तेच बोललो, जे अशा वेळी सगळे बोलतात. "भाऊ, टेन्शन घेऊ नका. होईल सगळं नीट."

बाप काही बोलला नाही. म्हातारी बोलली. वातीवरची नजर न काढता म्हणाली, "मास्तर, जो येते तो हेच म्हन्ते, टेन्शन नको घेऊ. त्यानं काय ते बजारातून आनलं का जी? कशाचा घोर लागला, हे कोनं पुसलंच नाही त्याले."

मला माझी तांबडी शाई आठवली. मुलाने वहीत लिहून मला सांगितले होते. घरातली गोष्ट मराठीत लिहायला त्याला धीर झाला नसता. परक्या भाषेत तो जरा आडोशाला उभा राहून बोलला होता. आणि मी त्या वाक्यातले क्रियापद तपासले.

मग मी ओट्यावर बसलो आणि म्हातारीने सांगितला तोच प्रश्न विचारला. उत्तर लगेच आले नाही. चहा झाला, अंधार पडला, दिवा लागला. मग तो उठला आणि पत्र्याच्या पेटीतून एक घडी केलेला कागद घेऊन आला. घोर दुबार पेरणीचा नव्हताच. साडूच्या कर्जाला तो जामीन राहिला होता. साडूने हप्ते थकवले आणि नोटीस याच्या नावाने आली. चार महिने त्याने ती बायकोला दाखवली नव्हती, आईला सांगितली नव्हती. रात्री सगळे निजल्यावर तो ती काढून वाची. मुलगा गोधडीतून ते पाहत असे.

कागद बाहेर आल्यावर पुढचे जमत गेले. गावातल्या एका जाणत्या, निवृत्त माणसाने नोटीस वाचली. साडूला बोलावून चारचौघांत बसवले. हप्ते पाडून मिळावेत म्हणून अर्ज केला. दोन खेपा फुकट गेल्या, तिसरीला तो मंजूर झाला. एक एकर गहाण पडले, ते अजून सुटलेले नाही. पण दिवाळीनंतर मुलगा वर्गात आपल्या जागी येऊन बसला.

ही गोष्ट येथे थांबली, हे त्या घराचे नशीब. पुष्कळ घरांत ती अशी थांबली नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा यांच्या रांगेत आमचा बुलढाणाही होता. अशी घटना घडली की सरकारी मदतीसाठी चौकशी होते आणि कागदावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो. कशाचा घोर होता, हे तेव्हा तपशीलवार विचारले जाते. कर्ज किती, कोणाचे, कधीचे, तगादा होता की नव्हता. माणूस ओट्यावर बसलेला असताना जे विचारायला हवे होते, ते तो गेल्यावर पंचनाम्यात विचारले जाते. आता २०२२ पासून सरकारने टेली-मानस नावाची दूरध्वनीची सोय केली आहे; १४४१६ हा आकडा फिरवला की मनाचे ऐकून घेणारे माणूस भेटते, मराठीतूनही बोलता येते. ही सोय चांगलीच आहे आणि हा आकडा घराघरात लिहून ठेवावा. पण ओट्यावरचा शेजारी त्याहून जवळचा असतो.

वाचकहो, सणासुदीच्या दिवशी हा विषय मी का काढला, असे कोणी विचारील. काढला तो याचसाठी की, दिवाळी हा माणसे एकत्र येण्याचा सण आहे. पुण्या-मुंबईची मुले घरी येतात, लेकी माहेरी येतात, भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या दारी जातो. फराळाच्या ताटाभोवती सगळे हसत असतात आणि एखादाच चिवड्याचे दाणे वेचीत गप्प बसलेला असतो. त्याला विचारले की तो म्हणतो, 'काही नाही, जरा टेन्शन आहे.' आणि आपण करंजी पुढे करून म्हणतो, 'अरे, दिवाळीत कसलं टेन्शन घेतोस!'

तेथे क्षणभर थांबावे, एवढीच माझी विनंती. टेन्शन हा शब्द त्याने वापरला तर वापरू द्यावा. शब्दाशी भांडण नको. त्याला थोडे बाजूला घ्यावे आणि आमच्या वऱ्हाडच्या म्हातारीचा प्रश्न विचारावा, 'कशाचा घोर लागला, बाबा?' आणि विचारून झाल्यावर लगेच उठू नये. उत्तर यायला वेळ लागतो. चहाचा एक पेला तरी जावा लागतो.

त्या मुलाची वही अजून माझ्याकडे आहे. वर्ष संपताना त्याने ती परत नेली नाही. तांबडा गोल तसाच आहे. इंग्रजीच्या दृष्टीने ते वाक्य चुकलेलेच आहे आणि पुढच्या वर्गालाही मी ते चूक म्हणूनच शिकवीन. पण आता निबंध तपासताना असे एखादे वाक्य आले, की आधी मूल कोणते ते पाहतो आणि मधल्या सुट्टीत त्याला बोलावतो.

असो. फार ताणले तर तुटते, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. तेव्हा लेखही येथेच सैल सोडतो. आपणां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो. पोटभर फराळ करावा, घरच्यांना चार गोष्टी विचाराव्यात, चार सांगाव्यात, आणि मग दुपारी निश्चिंत मनाने ताणून द्यावी.